एकटीनं फुगडी कशी घालायची

बाई, तुमी जाऊन किती वर्सं झाली ते मी मोजत न्हाय. मोजलं की माझंच वय बाहेर येतंय. तुमच्या शाळेत सातवीपतुर शिकलो, तेवढ्यावरच हे लिहितोय, तवा लाल शाई घिऊन बसू नका. माझी सून पुण्याची हाय. बाईमाणसानं "आलो, गेलो" म्हटलेलं ऐकलं की तिला अजून हसू येतंय. मी म्हणतो, आमच्याकडं बाया अशाच बोलतात, आता तूच शिक. तर सांगायचं ते हे, की या वयात मी नाचाच्या परीक्षेला बसलोतो. एकदा न्हाय, तीनदा.

आमच्या पेठेतल्या महिला मंडळाचा झिम्मा-फुगडीचा संघ हाय. श्रावणात स्पर्धा असत्यात, मोठं स्टेज, लाइट, माईक, सगळं. बारा बायका घ्यायच्या होत्या म्हणून मंगल कार्यालयाच्या हॉलात ऑडिशन ठेवलीती. निवडायला नाच शिकवणारी एक पोरगी. डोक्यावर गॉगल, समोर स्टँडला मोबाईल. एकेकीला आत बोलवायची. माझा नंबर आला तशी म्हणाली, "काकू, फुगडी करून दाखवा."

"कुणाबरोबर?"

"एकटीनंच."

आता एकटीनं फुगडी कशी घालायची, बाई? बसफुगडी असती एकटीची, पण माझ्या गुडघ्यांनी ती कवाच सोडली. मी सरळ त्या पोरीचेच हात धरले आणि दिली गरागरा फिरवून. गॉगल एका कोपऱ्यात, पोरगी एका कोपऱ्यात. खुर्चीत बसून तिनं आधी पाणी मागितलं. हसली ती, न्हाय म्हणत न्हाय, पण यादी लागली त्यात माझं नाव न्हवतं.

घरी येताना वाईट वाटलंच. मग तुमी आठवलासा. गॅदरिंगच्या लेझमीला तुमी पोरी निवडायच्या, आणि निवड एकदाच करून मोकळ्या होत न्हवता. दर शनवारी परत. गेल्या शनवारी घेतलेली गळायची, गळलेली आत यायची. मी दोनदा गळलो. दुसऱ्यांदा नळाजवळ रडत उभा हाय, आणि तुमी मागनं येऊन म्हणताय, "आधी पाणी पी, मग रड. आणि शनवारी ये." एवढंच. जवळ घेतलं न्हाय, डोळं पुसलं न्हाय. पण शनवार हाय, हे कळलं.

म्हणून, दोन जागा भरायच्या ऱ्हायल्यात म्हणून परत ऑडिशन ठेवली, तवा दुसऱ्या खेपेला परत गेलो. या वेळी सुनेनं मोबाईलवर बघून तयारी करून घेतली. कंबर अशी, मान अशी, हात फुलासारखा. मी म्हटलं, "पोरी, माझा हात भाकरी थापून थापून परातीसारखा झालाय, त्याचं फूल कुठनं करू?" पण केलं. हॉलात सहाजणींना एकदम उभं केलं, आणि मला काही आठवंना. मी शेजारणीकडं बघून नाचाय लागलो. तिला पण आठवत न्हवतं, ती माझ्याकडं बघत होती. दोघी एकमेकींचं बघून चुकीच्या बाजूला वळलो आणि डोस्की अशी आपटली की स्टँडवरचा मोबाईल हालला म्हणं. दोघी बाहेर. कपाळाला बर्फ लावून बसलो आणि पोटरीला तुमची पट्टी लागल्यासारखं झालं. मैदानात मी पुढच्या पोरीचं बघून पावलं टाकत होतो तवा तुमी पट्टी मारून म्हटलंता, "तिचे पाय तिच्याजवळ हाईत. तुझे कुठं ठिवून आलीस?"

तिसऱ्या खेपेला त्यांनीच बोलावलं. निवडलेल्यातली एकजण गळाली होती. सून बरोबर आली. आत गेलो तर टेबलावर खोका: नथी, हिरव्या बांगड्या, आणि खोटी मंगळसूत्रं. पोरगी जरा अवघडून म्हणाली, "काकू, स्टेजवर सगळ्या सेम दिसायला पायजेत. तेवढ्यापुरतं घाला की."

आमचे हे जाऊन सहा वर्सं झाली. मी म्हटलं, "मंगळसूत्र भाड्यानं आणलंस, मग नवरा पण आण की. जरा कमी घोरणारा बघ." बाया हसल्या. पोरगी लाल झाली. पण मला जायचं होतं त्या स्टेजवर, लई जायचं होतं, आणि गळ्यात ते घालून पाय उचलला नसता. मी पिशवी उचलली. तेवढ्यात सून पुढं आली. "आई जशा आहेत तशा एकदा बघा तरी," म्हणाली, आणि चप्पल काढून माझ्यापुढं हात केले. हिला फुगडी येत न्हाय, बाई. पुण्याच्या पोरीला घुमवता घुमवता मलाच दम लागला. पण पाय माझे होते, ठेका माझा होता, आणि मधनंच ती अशी किंचाळली की मला हसू आवरंना. थांबलो तवा गॉगलवाल्या पोरीनं वहीत नाव लिहिलं. मग हळूच म्हणाली, "मागच्या रांगेत चालंल का काकू? तिथं गळ्याकडं कुणाचं लक्ष जात न्हाय."

"चालंल की," म्हटलं.

बाई, तुमचं कपाळ मोकळं होतं. गाव बोलायचं, इधवा बाई पोरींबरोबर उड्या मारती म्हणून. तुमी भर दुपारी पदर खोचून आमच्या म्होरं लेझीम खेळायच्या, आणि दमलासा की झाडाखाली बसून डब्यातली शेंगाची पोळी मोडून आमाला द्यायच्या. मला लहानपणी वाटायचं, बाया अशाच असत्यात. म्हणून हे गेल्यावर नाचायचं बंद करायचं असतंय, हे मला सुचलंच न्हाय. दुसऱ्यांनी सुचवलं, तवर उशीर झालता. हे तुमचं देणं. त्या वेळी बोललो न्हाय, बोलायचं कळतच न्हवतं.

आता हे पत्र घालायचं कुठं? शाळेच्या पत्त्यावर टाकलं तर नवा मास्तर भ्याचा. ऱ्हाऊ दे घरातच. कुणी वाचणार न्हाय, तवा एक खरं लिहितो. सुनेला, मंडळाला, सगळ्यांना सांगत सुटलोय, मागची रांग काय वाईट, उलटं वारं चांगलं लागतंय. थाप हाय ती. मला पुढं उभं ऱ्हायचं हाय, बाई. मधोमध.