एकही पाहुणा नाराज गेला नाही

बाबा,

मागच्या महिन्यात तुमच्या नातीचं लग्न झालं. दादरला, फुलबाजारापासून जवळच एका हॉलमध्ये. ऐन मुहूर्ताच्या गडबडीत मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. ते भांडण काही संपत नाही, म्हणून आज लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा मला नीट आठवत नाही. बोलण्याची पद्धत मात्र आठवते. आणि माझा सगळा राग त्या पद्धतीवरच आहे.

लालबागच्या आपल्या चाळीत कोणाकडेही कार्य निघालं की पहिलं बोलावणं तुम्हाला यायचं. भटजी मागाहून ठरायचे. एरवी तुम्ही गिरणीच्या ऑफिसातले कारकून, साहेबासमोर मान खाली घालून उभे राहणारे. पण कार्याच्या दिवशी पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलच्या दारात उभे राहिलात की सगळी वरात तुमच्या शब्दावर चालायची. तुमच्या बाजूला मी उभी आहे, हातात गुलाबदाणी. माणूस लांबून येताना दिसला की तुम्ही माझ्याशी हळू आवाजात बोलता. "हे काका आणि ते टोपीवाले, दोघे भाऊ. बोलत नाहीत. दोघांना एका रांगेत बसवायचं नाही, पण पानं एकाच वेळी वाढायची. नाहीतर एकाला वाटेल आपल्याला मागे ठेवलं." एखाद्या बाईच्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असलं तर तिला बँडच्या गोंगाटापासून लांब, खिडकीजवळची खुर्ची. पिऊन आलेल्या मुलाकडच्या मामाच्या खांद्यावर हात टाकून तुम्ही त्याला असे पान खायला घेऊन जायचात की त्याला वाटायचं मोठाच मान झाला. मी एकदा गुलाबपाणी जरा जोरात उडवलं आणि एका आजींच्या चष्म्यावर गेलं, तेव्हा तुम्ही मला सगळ्यांच्या देखत काही बोलला नाहीत. घरी आल्यावर म्हणालात, "यजमानाचं तोंड त्या दिवशी त्याचं नसतं गो. पाहुण्यांचं असतं." इतकंच. मला ते मारापेक्षा जास्त लागलं.

आई गेली तेव्हा मी फार लहान होते. मला वाढवलं ताईनं. त्या एका खोलीत, मोरीच्या बाजूला स्टोव्ह मांडून ती भाकऱ्या थापायची आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून पाढे म्हणायची. चुकले की ती पिठाच्या हातानं माझी वेणी ओढायची. शाळेत मला पहिल्यांदा साडी नेसायची होती तेव्हा तिनं आईच्या ट्रंकेतली काढून, कमरेला दोन पिना जास्त लावून, मला नेसवून दिली होती. आणि मग एके दिवशी ती शिवडीच्या बंदरात काम करणाऱ्या, आपल्या जातीबाहेरच्या माणसाशी लग्न करून गेली. तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही असं उघड काही म्हणतच नव्हता. मी तिचा विषय काढला की तुम्ही मला चहा टाकायला सांगायचात.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली. ताईला बोलवायचं. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "निरोप देतो. तिची इच्छा असली तर येईल." लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी हॉलमागच्या खोलीत नटून बसले होते आणि जो आत येईल त्याला विचारत होते, ताई आली का? शेवटी तुम्ही स्वतः आलात. माझ्यासमोर खाली बसलात. म्हणालात, "निरोप पोचला होता. यायचं नाही म्हणाली. तिचा राग अजून गेलेला नाही. आज तू रडू नकोस, सासरची माणसं बघतायत." मग तुमच्या रुमालानं माझे डोळे टिपलेत, काजळ न पसरवता. बोहल्यावर मी रडले ते माहेर सुटतंय म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. मी रडले ते ताईवरच्या रागानं. तो राग मी नंतर वर्षानुवर्षं सांभाळला, तुम्ही गेलात आणि ती आली नाही तेव्हा तर आणखी घट्ट केला.

तुम्ही शिकवलेलं मी वाया जाऊ दिलं नाही, बाबा. लोअर परळला ज्या ऑफिसात मी नोकरी केली तिथे मोठमोठे समारंभ, परदेशी पाहुणे, सगळं माझ्याकडे असायचं. कोणाला कुठे बसवायचं, कोणाला कोणाच्या समोर आणायचं नाही, रागावलेल्या माणसाला बोलू कसं द्यायचं, हे मला कोणी कोर्स करून शिकवलं नाही. नवीन मुली विचारायच्या, मॅडम, तुम्ही हे कुठे शिकलात? मी अभिमानानं सांगायची, माझ्या वडिलांकडून. तुमच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा कोणी भेटायला आलं की तुम्ही माझ्या लग्नाची गोष्ट काढायचात. "एवढी माणसं आली, पण एकही पाहुणा नाराज होऊन गेला नाही." मी तुम्हाला उशीला टेकवून पेज भरवत असायची आणि मान डोलवायची.

यावेळी ताईला आमंत्रण द्यायला माझी मुलगी गेली. मला न विचारता. शिवडीला जाऊन, पत्ता शोधून, भेटून आली आणि मग सांगितलं. मी म्हटलं, "गेलीस ते बरं केलंस. पण ती येणार नाही." मुलगी म्हणाली, "मावशी फार काही बोललीच नाही गं. फक्त सारखं विचारत होती, तुझ्या आईला माहितीये का? तिला चालणार आहे का?" मला ते विचित्र वाटलं, पण कामाच्या घाईत मी तिथेच सोडून दिलं.

लग्नाच्या दिवशी मी खाली गेटवर उभी होते. यजमानानं वर पंख्याखाली नाही, जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायचं, हेही तुमचंच. समोर हारवाल्याच्या शेडखाली एक बाई उभी दिसली. पिकलेले केस, फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. मी रस्ता ओलांडून गेले.

"ताई," मी म्हटलं. "इथे काय उभी राहिलीस? आत ये ना."

"येऊ?" ती म्हणाली. "नक्की?"

"म्हणजे काय?"

"आधी तू तुझ्या तोंडानं सांग. मागच्या वेळी नटूनथटून आले होते आणि तू मला खालूनच परत पाठवलंस. आता या वयात मला ते परत झेपायचं नाही."

"मी पाठवलं? कधी?"

"तुझ्या लग्नात," ती म्हणाली. "बाबा गेटवर होते. निरोपबिरोप काही आला नव्हता मला, चाळीतल्या मावशींकडून कळलं म्हणून आले. मला वाटलं बाबा ओरडतील. पण हसले. आलीस, बरं वाटलं म्हणाले. मला सातवा महिना होता. खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. मग जवळ बसून म्हणाले, ती आत रडतेय. म्हणते, आजचा दिवस ताई नको. सासरच्यांना कळलं तर काय, अशी तिला भीती वाटते. तू मोठी आहेस, समजून घे. टॅक्सी पण त्यांनीच थांबवली. ड्रायव्हरला सांगितलं, सावकाश ने, पोटुशी आहे."

तेवढ्यात मुलाकडची माणसं गाडीतून उतरली. बाबा, मी वळले, हात जोडले, हसले आणि म्हणाले, "या, या. गाडी लावायला त्रास नाही ना झाला? वर सरबत ठेवलंय." माझ्या तोंडून ते आपोआप आलं. मग मी परत ताईकडे वळले. मी तिचा दंड धरला.

"ताई, मी असं बोलले नव्हते. मी तुझी वाट बघत होते."

"बाबा खोटं बोलत असतील असं मनातच आलं नाही गं," ती म्हणाली. "डोक्यावरून हात फिरवला त्यांनी माझ्या." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "मी तुझ्यासाठी आणलेली साडी तरी पोचली का? मोरपंखी होती. मी देतो म्हणाले होते."

ती साडी मला पोचली होती. तुम्ही मला सांगितलं होतंत की तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून दिली. मुलीच्या बारशाला मी तीच नेसले होते.

मी ताईला हाताला धरून वर नेलं. मुलीला मामा नाही. तिच्या मागे उभं राहायला माझा एक मामेभाऊ तयार होऊन बसला होता. मी त्याला बाजूला घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि असं समजावलं की तो आनंदानं उठला. मग ताईला म्हटलं, तू उभी राहा. ती मागे सरली. "वेडी आहेस का? हे जाऊन चार वर्षं झाली. माझ्यासारखीनं तिथे उभं राहायचं?" मी म्हटलं, "मला वाढवलंस तेव्हा कोणी विचारलं होतं का तुला?" भटजींनी एकदा तिच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मंगलाष्टकं सुरू केली. अंतरपाट खाली आला तेव्हा ताईचे दोन्ही हात माझ्या मुलीच्या खांद्यावर होते.

तुम्हाला ताईशी संबंध ठेवायचा नव्हता, ते मी समजू शकते. आवडलं नसतं, पण समजलं असतं. गेटवर उभं राहून "माझ्या मुलीच्या लग्नात तू नकोस" असं तुम्ही स्वतःच्या नावानं म्हणाला असतात तर ती रडत घरी गेली असती आणि दुसऱ्या दिवशी मला भेटली असती. तुम्ही माझं नाव वापरलंत. तिला माझ्या तोंडचं वाक्य दिलंत, मला तिच्या तोंडचं दिलंत, आणि दोघींच्या डोक्यावरून हात फिरवलात. कोणाचा आवाज चढला नाही. आणि मग आयुष्यभर त्याच दिवसाचं कौतुक सांगत बसलात, माझ्या हातची पेज खात. मला सांगायला तुमच्याकडे किती दुपारी होत्या.

आता ताई अधूनमधून येते. आम्ही जेवतो, टीव्ही बघतो. ती मुलांच्या जन्माचं सांगते, नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांचं सांगते, आणि मी एखाद्या नवीन ओळखीच्या माणसाचं ऐकावं तसं ऐकते. तिच्या नवऱ्याशी मी कधी एक शब्द बोलले नाही. तिच्या स्वयंपाकघरात कुठल्या डब्यात काय आहे ते मला माहीत नाही. ती तुमच्यावर रागावत नाही. "गेलेल्या माणसाशी काय भांडायचं," म्हणते आणि पानात भात वाढते. त्यामुळे भांडायचं काम सगळं माझ्यावर आलंय.

हे लिहिलेलं तिला वाचून दाखवावं असं कालपर्यंत वाटत होतं. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती लिहिल्यावर हे कोणालाच दाखवता येणार नाही. लग्नाच्या दिवशी शेवटची पंगत उठल्यावर आपल्या चाळीतल्या एक म्हाताऱ्या काकू काठी टेकत माझ्याजवळ आल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "काय व्यवस्था ठेवलीस गो! अगदी बापावर गेलीस." तेव्हा मला सगळं कळलेलं होतं, बाबा. ताई माझ्या शेजारीच उभी होती. आणि तरीही ते ऐकून मला बरं वाटलं.