वलीद नावाचा मुलगा

कामिश्ली,
२६ एप्रिल २००९

प्रिय शिलान,

सिरानूश परवा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बैरुतला निघणार आहे. हे पत्र तिच्या कोटाच्या अस्तरात जाईल आणि तिथून टपालात पडेल. अस्तर मी उसवून ठेवलंय. तिला समोरची भिंत दिसत नाही, तरी मला बजावत होती, "पेरीखान, टाके बारीक घाल हो, लोक म्हणतील आर्मेनियन बाईला शिवता येत नाही." चाळीस वर्षं शेजारी राहून हिची जीभ माझ्यासारखी झाली, का माझी हिच्यासारखी, देव जाणे.

तुझं पत्र मिळालं. होगिरला गुप्त पोलिसांनी नेल्याचं ऐकून तू दहा मेचं तिकीट काढलंस म्हणे. इथे उतरून त्यांना सांगणार, मला घ्या आणि भावाला सोडा. वा! जर्मनीत अकरा वर्षं राहून हेच शिकलीस? भाजी बाजारातून आणतात, शिलान, भाऊ नाही. फोनवर मी तुला हवापाणी आणि सिरानूशचे गुडघे एवढंच सांगते, कारण तो फोन आपल्या दोघींपुरता नसतो. म्हणून हे सगळं कागदावर.

तू चिडली असशील. लहानपणी चिडलीस की होगिरला कडेवर घेऊन गच्चीवर जायचीस आणि शिडी वर ओढून घ्यायचीस. तू आठ वर्षांची, तो दीड. खाली मी ओरडते आहे आणि वर तू त्याला बुल्गुर भरवते आहेस, तुझ्या हातून तो खायचा, माझ्या हातून थुंकायचा. तुझे बाबा म्हणायचे, "या पोराला दोन आया आहेत, एक ओरडणारी आणि एक खरी." मला राग यायचा. आता वाटतं, बरोबर बोलत होता शेखमूस.

नवरोजच्या आदल्या संध्याकाळी होगिर आणि आणखी नऊ जण चौकात मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. घोषणा नाही, दगड नाही, नुसत्या मेणबत्त्या. दोन दिवसांनी त्याला तो दात बनवतो त्या कारखान्यातून नेलं, कवळी घासता घासता. ती कवळी आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या अमशाची. ती रोज दारात येऊन माझ्या नावाने खडे फोडते, "तुझा मुलगा सुटेपर्यंत मी काय नुसतं ताक पिऊ?" मग उंबऱ्यावर बसून रडते, मग मी केलेले कुतिल्क, ते खिमा भरलेले गोळे, चाटून-चघळून संपवते. दात नसताना चार. असले असते तर माझं घर खाल्लं असतं.

मेणबत्त्या हे निमित्त होतं, हे तुलाही ठाऊक आहे. इथे पकडलेल्या माणसांची नावं तो गोळा करायचा आणि तू तिकडे छापायचीस. त्याला ती नावं कोण देतं ते त्यांना हवंय, आणि छापणारी हवी आहे.

आता माझी चूक सांगते. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तुरुंगाच्या फाटकाचा नियम असा की धुतलेल्या कपड्यांची पिशवी नाव सांगून द्यायची. घेतली तर माणूस आत आहे. पुढच्या आठवड्यात मळके कपडे परत मिळतात. याहून जास्त कुणी काही सांगत नाही. मी पिशवी घेऊन अठरा दिवस गेले. रोज खिडकीतला शिपाई वही चाळायचा, "मावशी, होगिर नावाचं कुणी नाही इथे." मी त्याला खोटारडा म्हटलं, त्याच्या आईची शरम काढली, आणि ताठ मानेने घरी आले. अठराव्या दिवशी रांगेतली एक खेडवळ बाई मला म्हणाली, "शिकलेल्या दिसता, बाई. मग कागदावरचं नाव सांगा की त्याला!"

तुला तो दिवस आठवत नसेल. होगिर जन्मला तेव्हा नोंदणीच्या कारकुनाने कुर्दी नाव लिहायला नकार दिला. "हे कसलं नाव? वलीद लिहितो, छान आहे." तुझे बाबा टोपी हातात धरून उभे. मी टेबलावर मूठ आपटली, तरी कागदावर वलीदच पडलं. त्या दिवशी मी शपथ घेतली की हे नाव माझ्या तोंडून निघणार नाही. सव्वीस वर्षं पाळली. शाळेचे दाखले आले की नुसतं 'माझा मुलगा' म्हणायची. शपथ अशी अंगात मुरली की फाटकावर उभी असतानासुद्धा ते नाव आठवलं नाही. शिपाई एकदाच खरं बोलत होता, आणि मी त्यालाच खोटारडा म्हटलं. तेवढे अठरा दिवस तुझ्या भावाला वाटलं असेल की आई आलीच नाही.

मी खिडकीत वाकून म्हटलं, "वलीद शेखमूस." पिशवी आत गेली.

आठवड्याने त्याचा निळा शर्ट परत आला. दोन्ही बाह्या मनगटापासून कॉलरपर्यंत कापलेल्या. फाटलेल्या नव्हेत, कात्रीने सरळ कापलेल्या. नन्सच्या शाळेत सिस्टर मार्तने आम्हाला शिवण शिकवताना कापलेलं आणि फाटलेलं ओळखायला आधी शिकवलं होतं. मी तो शर्ट मांडीवर घेऊन बसले. माणसाचे हात वर होत नसतील तरच त्याचा शर्ट असा काढतात. हात का वर होत नसतील ते मी तुला लिहिणार नाही. तू अशा माणसांच्या हकिकती छापतेस, तुला माहीत आहे. मला हे तुझ्यापासून लपवायचं होतं. पण तू तिकीट काढलंस.

तू आली नाहीस तर त्याचं काय करतील, मला माहीत नाही. तू आलीस तर काय होईल ते मात्र माहीत आहे. दोन शर्ट परत येतील. म्हणून तिकीट परत कर आणि काम कर. त्याचं नाव छाप, कागदावरचंही आणि आपलंही. इतकं छाप की त्या लोकांना त्याला हात लावताना मोजावं लागेल की किती जण बघताहेत.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल मला आत बोलावलं. अधिकारी तरुण आहे, केसांना तेल, मला "बाई, बसा ना" म्हणाला आणि फ्रेंचमध्ये चहा विचारला. माझा विद्यार्थी नव्हता, असता तर एवढ्या चुका केल्या नसत्या. समोर कोरा कागद ठेवला. तीस वर्षं मी फ्रेंचच्या तासाला मुलांना श्रुतलेखन घातलं, काल मला कुणीतरी घातलं. मी लिहिलं की होगिर मजेत आहे, सगळे सभ्य आहेत, बाळ, लगेच ये, तू आलीस की दोघं घरी जाल. खाली सही केली. अक्षर माझंच आहे, ओळखशील. ते पत्र तीन शिक्क्यांसाठी दमास्कसला जाईल. त्यांच्या आळसावर माझा भरवसा आहे, हे त्याच्या आधी पोचेल. मी का लिहिलं म्हणून विचारशील. पाच मिनिटं भेटू देतो म्हणाला, म्हणून. आणि भेटू दिलं. होगिर खुर्चीवर होता, हात मांडीवर ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. तो हळूच म्हणाला, "आई, तिला बोलावलं नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही रे." तो हसला, शिलान. मी त्याच्याशी खोटं बोलले, आणि ते खरं करणं आता फक्त तुझ्या हातात आहे.

तुझीच,
तुझ्यावर आयुष्यभर ओरडत आलेली
आई