स्पीकरच्या वायरीच्या गाठी आणि बापूसाहेब

मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे. मी मोरोपंत त्र्यंबक आसेगावकर, वय चौसष्ट, निवृत्त विज्ञानशिक्षक, राहणार अकोला. डोके ठिकाणावर आहे आणि कान त्याहून ठिकाणावर आहेत. कोणाच्या दडपणाने नव्हे, स्वतःच्या रागाने लिहीत आहे.

१. माझे स्वकष्टाचे घर पुतणी शैला हिला. ही माझे थोरले बंधू बापूसाहेब, वकील, अमरावती, यांची मुलगी. शाळेसाठी ती माझ्याकडे राहिली आणि इथेच गाणे शिकली.

२. रेडिओग्राम व मी घरी केलेली स्पीकरची दोन खोकी तिलाच. शैले, जोडणीला दिव्याची साधी पिळाची वायर घे, आत तांबे भरपूर असलेली. दोन्हीकडे सारखी लांबी ठेव. महाग वायरीच्या नादी लागू नकोस; दहा-पंधरा फुटांत कोणाच्या बापालाही फरक कळत नाही, तुझ्या बापाला तर नाहीच. खुणेसाठी एकाच तारेला दोन्ही टोकांशी गाठ मारलेली आहे. गाठीची तार रेडिओग्रामच्या आणि दोन्ही स्पीकरांच्या लाल खुणेला लाव. एकीकडे उलटली तर एका स्पीकरचा कागदी पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि गाणाऱ्याचा आवाज पोकळ होतो.

३. सन १९६३च्या दिवाळीत बापूसाहेबांनी या गाठी सोडल्या. "मोरू, गाठीत करंट अडकते ना! मास्तर असून तुले येवढं समजत नाही?" असे म्हणून अंदाजाने तारा खोचल्या आणि फराळाच्या मंडळींपुढे रेकॉर्ड लावली. शैला हळूच म्हणाली, "बाबा, मधातला गाणाऱ्याचा आवाज गेला." त्यावर हे गृहस्थ सर्वांदेखत गरजले, "तुले कानच नाही. उद्यापासून गाणं बंद!" तिचा तंबोराही कोणाला तरी देऊन टाकला.

मंडळी गेल्यावर मी स्पीकरांच्या तारांना टॉर्चचा सेल लावून पाहिले. एक पडदा पुढे, एक मागे. पोरगी खरी होती. थोरल्या भावाचा मान राखायचा म्हणून मी तोंड शिवून बसलो. आग लागो त्या मानाला. तीन वर्षे मला माझीच लाज वाटते आहे.

४. पोस्टातील सर्व शिल्लक शैलेच्या गाण्यासाठी. लग्नासाठी एक दमडीही नाही. बापूसाहेबांना माझे काहीही देऊ नये. माझ्या तेराव्याला जेवणापूर्वी, ते पंगतीत बसलेले असताना, कलम तीन मोठ्याने वाचावे.

५. पक्कड शेजारी नत्थुजींना. तशीही ती सहा वर्षे त्यांच्याकडेच आहे.

६. साक्षीसाठी बापूसाहेबांनाच बोलावले आहे. कागद त्यांच्यापुढे उघडा ठेवीन. त्यांनी वाचून शैलेला एकदा "माझं चुकलं" म्हटले, तर पंगतीतले वाचन मी स्वतःच्या हाताने खोडीन. एवढी एक संधी सख्ख्या भावाला देतो.

अकोला, ता. ९ नोव्हेंबर १९६६

सही: मो. त्र्यं. आसेगावकर

साक्षीदार:

१. खुशालराव देवमन ठाकरे, निवृत्त पोस्टमास्तर, अकोला. मजकूर वाचून सही केली.

२. वामन त्र्यंबक ऊर्फ बापूसाहेब आसेगावकर, वकील, अमरावती. सही माझ्यासमक्ष झाली. मोरूने लिहिलेले वाचण्याची गरज वाटली नाही.