आडनावातला वाघ

माय, तुझी नात आर्मेनियात डॉक्टरकी शिकून राह्यली. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "हैद्राबादच्या अल्याड का पल्याड?" बरंच पल्याड. डोंगराळ मुलूख, थंडी अशी की पोरगी गोधडीतून नाकाचा शेंडा बाहेर काढून फोनवर बोलते. आपल्याकडची पोरं एवढ्या लांब का जातात ते सांगत बसत नाही; इथल्या कॉलेजांचा खर्चा ऐकून मी जो खाली बसलो तो अजून पुरता उठलो नाही, एवढं समज. तिथं ती एका म्हातारीच्या घरात भाड्यानं राहते. म्हातारी बराबर तुझ्यासारखी आहे. बोलणं कमी, वाढणं जास्त, आणि ताटात घासभर उरलेलं दिसलं की तोंड फिरवून बसते. लवाश नावाची रोटी करतात तिकडं, उपरण्यासारखी लांब आणि पातळ. पोरगी म्हणते छान लागते. मी म्हणालो, तुझ्या आजीनं ती भिंतीला टांगून वाळत घातली असती.

तर ह्या म्हातारीनं परवा आपल्या घरात काडी टाकली. जेवता जेवता पोरीला विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? तिकडं हा साधा प्रश्न आहे, माय. आपल्याकडं आडनाव विचारणाऱ्याला अर्थाशी देणंघेणं नसतं, त्याला तुमचं घर गावात आहे की गावाबाहेर, तेवढं समजून घ्यायचं असतं. तिकडं आडनावाच्या शेवटी 'यान' लावतात. यान म्हणजे अमक्याच्या घरचे. नजारियान सुताराच्या घरचे, जरगारियान सोनाराच्या घरचे, तेर्झियान शिंप्याच्या घरचे. तोपाल्यान म्हणजे लंगड्याच्या घरचे. ते ऐकून मला फार धीर आला, म्हणजे शेजाऱ्याच्या पायावर बोट ठेवणारी माणसं तिकडंही आहेत. आणि नालबंद्यान! पोरीनं हे नाव घेतलं आणि मी हसत सुटलो. मंठ्याच्या बाजारात बैल आडवा पाडून त्याच्या खुरांना नाल ठोकणारा नालबंद तुला आठवतो का? त्याच्याच धंद्यातली माणसं तिकडच्या डोंगरात आडनाव लावून बसलीत. त्यांच्यावर राज्य केलं तुर्कांनी, आपल्यावर निजामानं. राज्य करणारे गेले आणि त्यांचे शब्द दोन्हीकडं कपड्याला गोखरू चिकटावं तसे राहिले.

म्हातारीचं स्वतःचं आडनाव काप्लान्यान. कापलान म्हणजे वाघ, म्हणून ही वाघाच्या घरची. तिच्या आईकडचे उर्फालियान, म्हणजे उर्फा शहरातले. शंभर वर्षांमागं त्यांची कत्तल झाली, उरलेल्यांना तिथून हाकलून दिलं, आणि जे जगले ते घरदार टाकून निघाले. नेता आलं ते एवढंच, शहराचं नाव. म्हातारीनं ते शहर डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण आडनावात घट्ट धरून ठेवलंय. म्हणून आपलं सावरगावकर म्हणजे सावरगावचे, हे कळल्यावर तिनं पोरीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुम्हाला कधी हाकललं?"

पोरगी अडकली. तिनं मला फोन लावला. "पप्पा, काय सांगू? आपल्याला कुणी हाकललं नव्हतं ना?"

"न्हाई," मी म्हणालो. "हाकलायला आधी आत घ्यावं लागतं."

"मग ज्या गावानं आत घेतलं नाही त्याचं नाव का लावलं? पहिलं वाघमारे होतं ना आपलं? आजीनं घाबरून बदललं का?"

दिवसभर लोकांना टोमणे मारून पोट भरणारा माणूस आहे मी. वर्तमानपत्रात माझा कोपरा आहे, गणपतीत आणि जयंतीत माझ्या विनोदाचे कार्यक्रम होतात. पण पोरीला 'मग सांगतो' म्हणून मी फोन ठेवून दिला. कारण हाच प्रश्न आठ दिवसांपूर्वी घरातही आल्ता. जालन्यात घर बांधलंय आम्ही. छोटं आहे, पण दार आपलं आहे. दारावर पाटी पाहिजे. पाटीवाला दोनदा येऊन गेला, तुझ्या सुनेनं अक्षरांचे नमुने पाहून ठेवले, आणि ताईचा पोरगा, तुझा नातू, चहा पिता पिता म्हणाला, "मामा, आता तरी वाघमारे लावा. आजी भ्याली. तुम्ही नका भिऊ." पोरगा चांगला आहे, मोर्चात पुढं असतो, वाचतो खूप. पण 'आजी भ्याली' हे त्यानं असं सांगितलं की जणू तुझ्या दुखण्याचं निदान झालंय. मी पाटीवाल्याला थांबायला सांगितलं.

दुसऱ्या बाजूचं तर विचारूच नको. कार्यक्रमाला न्यायला आलेला संयोजक गाडीत बसल्या बसल्या सुरू करतो, "सर, सावरगावकर म्हणजे कोणते?" मंठा तालुक्यातले. "ते झालं, पण मूळचे?" मूळचेही मंठा तालुक्यातलेच. "नाही, जेवणाचं सांगायचं होतं, म्हणून विचारलं. शाकाहारी का..." मी म्हणतो, वांग्याची भाजी असेल तर मी वांगेकर, मटण असेल तर मटणकर. तो हसतो, पण त्याचं समाधान होत नाही. वाटूर फाटा येईपर्यंत बिचारा मला चाळणीतून चाळत राहतो. सावरगावं तरी मराठवाड्यात किती, दर तालुक्याला एखादं आहेच. त्याचं काम सोपं नाही, मला त्याची कीव येते.

तर माय, तू भ्यालीस का? मी फोन ठेवून बसलो आणि शाळेत नाव घालायचा दिवस आठवला. सावरगावची शाळा, कौलांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्यात, तू माझं मनगट धरून उभी आहेस. बाप माझा त्याच्या आदल्या वर्षी गेल्ता. मास्तर मान खाली घालून लिहितायत, वाघमारे लिहू ना, म्हणतायत, आणि तू म्हणतेस, "सावरगावकर लिव्हा." मास्तरांची मान वर येते.

"अगं, ते देशमुखांचं आडनाव हाय."

"देशमुखांचं कसं? गावाचं हाय."

"तसं न्हाई बाई. गाव त्यांचं हाय म्हणून..."

"मंग माझा सासरा जलमभर कुणाच्या गावाची वेस राखीत होता? ढोरं कुणाच्या गावची ओढली त्यानं? सांगावे घेऊन पावसाचिखलात कोण पळालं? गाव देशमुखाचं जेवढं, तेवढं माझं. लिव्हा मास्तर, मला खुरपायला जायचंय."

हे मी कार्यक्रमात कितीदा तरी सांगितलंय, माय. 'मला खुरपायला जायचंय' ह्यावर हशा बिलकुल चुकत नाही. पण त्या मास्तरांचा चेहरा मात्र हसण्यासारखा नव्हता. भिणाऱ्या बाईनं दूरच्या गावाचं, कुणाला ठाऊक नसलेलं नाव घेतलं असतं. तू घेतलंस ते त्याच गावाचं, त्याच गावात, त्याच लोकांच्या तोंडावर. ज्या विहिरीवर तुझी घागर लांबूनच, वरून ओतून भरली जायची, त्या विहिरीसकट अख्खं गाव तू माझ्या नावापुढं लावलंस.

मग तू मला आणि ताईला घेऊन अंकुशनगरला आलीस आणि साखर कारखान्याच्या रस्त्याला पत्र्याची खानावळ टाकलीस. तिथं कुणी आपल्याला ओळखत नव्हतं, आणि माझा भाचा नेमकं तिथंच बोट ठेवतो, की बघा, सावरगावकर नावामुळं लोक जेवायला आले. आले ना. पण खानावळीच्या भिंतीवर काय होतं, ते त्यानं पाहिलेलं नाही. एका बाजूला बुद्ध, दुसऱ्या बाजूला निळ्या कोटातली तसबीर, आणि मधी तू चुलीपुढं भाकरी थापून राह्यलेली. एक ट्रकमालक जेवायला यायचा, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या. त्यानं एकदा मला विचारलं, "कोणते सावरगावकर रे तुम्ही?" मला वाटलं, चांगलं उत्तर दिलं तर मला ट्रकमधी बसवील. मी म्हणालो, "देशमुख." तुझ्या हातातलं उलथणं माझ्या पाठीत कधी बसलं ते कळलंच नाही. पुढं कैक वर्षं मी धरून चाललो, की देशमुखांचं नाव तोंडातून काढलं म्हणून मार मिळाला. पण तू काय ओरडलीस ते मला शब्दन् शब्द आठवतं: "भिताडाकडं बघ की रे! एवढी मोठी तसबीर टांगलीय ती काय तुझ्या डोळ्याला दिसत न्हाई? त्यांच्यासमोर खोटं बोलतोस?" ट्रकमालकानंही भिंतीकडं बघितलं. भाकरी अर्धी टाकून उठला. तू त्याच्या मागं दारापर्यंत गेलीस आणि म्हणालीस, "दादा, हात तरी धुऊन जा."

त्यानंतर आठवडाभरात तू ती ताटं करून घेतलीस. भांड्यांवर नावं टाकणारा फिरत आल्ता, त्याला पत्र्याच्या सावलीत बसवलंस, आणि त्यानं टिकटिक करत ताटामागून ताट घेतलं. लोक नाव काठावर टाकतात, चोरी होऊ नये म्हणून. तू म्हणालीस, "काठावर नको, बुडाला टाक. मधोमध." तो म्हणाला, मावशी, तिथं कालवण असतंय, कुणाला दिसणार? तू म्हणालीस, "जेवून झाल्यावर दिसंल." तेव्हापासून तुझ्या खानावळीत जेवणारा प्रत्येक जण शेवटच्या घासाला भाकरीनं ताट पुसायचा आणि खाली आपलं नाव लख्ख व्हायचं: सावरगावकर. समोर तसबीर, पुढ्यात नाव. ज्याला जेवायचं तो दोन्ही बघून जेवला. मी औरंगाबादला शिकायला निघालो तेव्हा त्यातलं एक ताट तू माझ्या वळकटीत घातलंस. सोबत उपदेश एकच, "घासून ठेवत जा."

काल मी पाटीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. तुझं ताट काढलं, चिंच लावून घासलं, काठाला भोक पाडलं आणि दारावर खिळ्यानं ठोकलं. तुझी सून म्हणाली, "लोक काय म्हणतील, दारावर ताट?" मी म्हणालो, म्हणू दे, आपल्याकडं जेवायला येणाऱ्याला निदान घर सापडंल. दाराच्या वर पोर्चमध्ये तीच निळ्या कोटातली तसबीर लावलीय. आता ज्याला 'कोणते सावरगावकर' विचारायचंय त्यानं मान वर करावी. भाचा आला, त्यानं ताटावरचं नाव बोटानं चाचपून पाहिलं. मी त्याला म्हणालो, "वाघमारेही आपलंच आहे, ते कुठं पळून चाललं नाही. पण हे तुझ्या आजीनं भांडून घेतलेलं आहे. भ्याली म्हणायचं असलं तर ह्या दाराबाहेर म्हण." जाताना त्यानं ताट सरळ केलं. माझ्याकडून ते जरा तिरपं बसलं होतं.

मग पोरीला फोन लावला. म्हातारी शेजारीच होती. मी सांगितलं, म्हाताऱ्या आजीला म्हण, तुमचं शहर तुमच्याकडून हिसकावलं म्हणून तुम्ही त्याचं नाव सोडलं नाही. आमचं गाव आम्हाला कधी दिलंच नव्हतं, म्हणून माझ्या मायनं ते नावानिशी घेतलं. पोरीनं म्हातारीच्या भाषेत काय काय सांगितलं कुणास ठाऊक, बराच वेळ लागला. पलीकडून म्हातारीचा खोकला आणि काहीतरी बडबड ऐकू आली. पोरगी म्हणाली, "पप्पा, त्या म्हणतायत, तुमची आई जिवंत असती तर मी तिला इथं जेवायला बोलावलं असतं." पाहिलंस, माय? तुला घरात जेवायला बोलवायचं एका वाघाच्या घरच्या बाईच्या मनात आलं, आणि तेही कुठं, तर आर्मेनियात.

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही. वाचायला तू शिकली नव्हतीस आणि पोस्टमनला तुझा आताचा पत्ता ठाऊक नाही. घडी करून ताटाच्या मागं खोचून ठेवतो. फक्त एक सांगायचं राहिलं. पोरीनं तिला वाघमारेचा अर्थही सांगितला होता, म्हणून फोन ठेवता ठेवता म्हातारीनं आणखी एक विचारलं, तिच्या दृष्टीनं घरचाच प्रश्न: तुमच्या पहिल्या आडनावातला वाघ मारला कुणी? मला काय ठाऊक? बापानं कधी सांगितलं नाही, तू तर त्या घरात लग्नानं आलेली. मी म्हणालो, माझ्या मायनं. कशानं, तर उलथण्यानं. तिनं खरं मानलंय. तू आहेस तिथं तुला कुणी विचारलंच, तर नाही म्हणू नकोस.