पिकअपचं नाक

भडगाव. मंगळवार, दिवेलागण.

पिकअपचं नाक आजही खालीच. केळीचं वजन पेलावं म्हणून मागे स्प्रिंगचे जादा पाटे मीच टाकून घेतले. आता रिकामी गाडी पुढे झुकते. जळगावच्या गॅरेजात लेव्हलिंग किट बघून आलो, पुढून दोन इंच उचलणारं. घ्यावं का? वडिलांना, नानांना, फोटो दाखवला. नाना अंगणातल्या गाडीकडेच बघत राहिले. "पुढे खाले नई शे रे ती. मांगे वजन नई शे."

व्हायरसनं केळीची बाग गेली, झाडं उपटून बांधावर फेकली, तेव्हा रडलो नव्हतो. आज त्या नाकाकडे बघवेना.

नको ते किट. गाडी पूर्वीसारखी सरळ दिसली तर पहाटे सवयीनं बागेकडेच वळवीन.