टांगलेला अंतरपाट

१० नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! लातूरपासून एसटीत उभं राहून आले, पण आज कशाचाच राग येत नाहीये. कंपनीनं पहिल्यांदाच एक अख्खी साइट माझ्या एकटीच्या हवाली केलीय. कळंब–ढोकी रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधोमध आण्णासाहेबांचं नवंकोरं मंगल कार्यालय. रंगाचा वास अजून गेलेला नाही. तीस तारखेला त्यांच्या मुलीचं, राजनंदिनीचं, लग्न आणि तेच कार्यालयाचं उद्घाटन. तोवर स्टेजवर छताला पारदर्शक एलईडी पडदा टांगून द्यायचा. चालू असला की चित्र हवेत तरंगल्यासारखं दिसतं, बंद असला की पलीकडचं सगळं आरपार.

श्रीशैल सर म्हणालेत, हे काम चोख झालं की पुण्यात कायम. बाबा म्हणालेत, कायम झाली नाहीस तर डिसेंबरात वाशीचे पाहुणे बघायला येणार. थोडक्यात, स्वतःचं लग्न टाळायला मी लग्नाच्या हॉलमध्ये पडदा टांगायला आलेय. राहायला मागची खोली मिळालीय. हॉल झाडणाऱ्या दगडाबाई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देऊन गेल्या. मजेत जेवले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मजा संपली.

आण्णासाहेब माणूस मायाळू, पण ऐकेल तर शपथ. पडदा निवडताना बघायचं काय, तर दोन दिव्यांमधलं अंतर. जवळून बघायचं असेल तर दिवे दाट हवेत, नाहीतर नुसते ठिपके दिसतात. दाट केले की आरपार कमी दिसतं, म्हणून मधला मार्ग काढायचा. आणि बंद हॉलमध्ये उजेड बेताचाच ठेवायचा, नाहीतर पहिल्या रांगेतली माणसं डोळे चोळत बसतात. मी हे सगळं चहा गार होईपर्यंत सांगितलं. त्यावर आण्णासाहेब म्हणाले, "ते खरं हाय ताई, पर उजेड असा पायजे की ढोकीपस्तोर दिसला पायजे."

त्यातून वर पत्रा. पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांना एवढं वजन टांगायला मी साफ नकार दिला, वेगळा लोखंडी बीम मागितला. वेल्डिंगवाला तोंड फुगवून गेला, कालच रंग दिला होता म्हणे. शेवटी दिवेही माझे दाट आणि बीमही माझा. घसा मात्र बसला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पडदा टांगला. वर ओढून घ्यायला मोटर बसवली. आणि आज कुठं कळलं की हा पडदा आहे कशासाठी. आण्णासाहेबांना तो अंतरपाट म्हणून हवाय! मागं नवरदेव, पुढं नवरी, मध्ये माझा पडदा. पडद्यावर अंतरपाटाचं चित्र, मंगलाष्टकं, आणि शेवटच्या सावधानला पडदा सरसर वर. गुरुजी येऊन बघून गेले. ज्यातनं पलीकडचं दिसतं त्याला अंतरपाट म्हणत नाहीत, असं म्हणून पान लावत बसले. पहिल्यांदाच कुणाचं तरी म्हणणं मला पटलं.

चित्रासाठी आण्णासाहेबांनी लोखंडी पेटीतून घरचा जुना अंतरपाट काढला. पांढरं कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, एका कोपऱ्याला करपल्याचा डाग. फोटो काढला, डाग कॉम्प्युटरवर पुसला. तर म्हणाले, डाग राहू द्या. बरं, राहू दे.

चाचणीला नवरीच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं, त्याशिवाय उंची आणि उजेड जुळत नाही. दगडाबाई लाजून पळाल्या. मग मीच पाटावर उभी राहिले, समोर चित्रातला अंतरपाट, कानाशी मंगलाष्टकं. सगळं झकास चाललं होतं. नेमकं शेवटच्या सावधानच्या आधी फाइल अडकली. पडदा वर गेलाच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फाइल बदलली, वायर बदलली, लॅपटॉपसुद्धा बदलला. रोज तेच. मी पाटावर उभी राहायचं, मंगलाष्टकं ऐकायची आणि शेवटच्या सावधानशी सगळं ठप्प. एवढी मंगलाष्टकं तर आमच्या भावकीतल्या सगळ्या लग्नांत मिळून ऐकली नसतील. श्रीशैल सर फोनवर म्हणाले की तुझंच काहीतरी चुकत असणार. डोकं फिरलंय माझं.

वर हा एक वैताग. पाटाशेजारी आज हळदीची वाटी होती, त्यात बोटं ओढल्याच्या खुणा. एवढ्या वायरी पसरलेल्या असताना ओली हळद! दगडाबाईंना फैलावर घेतलं. त्या वाटीला हातच लावेनात. "म्या कशाला ठिवू ताई? आन् ही उष्टी हाय. नवरदेवाला लावून नवरीकडं धाडत्यात ती." इथं कुणाला हळद लागलीय अजून, असं मी विचारलं, तर झाडू उचलून निघून गेल्या.

माझे तळहात पिवळट दिसतायत. पॅकिंगच्या फोमचा रंग लागला असेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भर दुपारी लाइट गेली. पडदा विझला आणि आरपार दिसायला लागलं. पलीकडच्या पाटावर कुणीतरी उभं होतं. डोक्याला फेटा, मुंडावळ्या, तोंड माझ्याकडं. मला वाटलं मांडववाल्यांपैकी कुणीतरी गंमत करतोय. ओरडले त्याच्यावर, की पाटावरून उतर, खाली वायरी आहेत.

हलला नाही. तणतणत पडद्याला वळसा घालून मागं गेले. पाट मोकळा.

परत पुढं आले. पडद्यातून बघितलं.

उभाच होता.

मी डबा न खाताच खोलीत येऊन बसलेय. उन्हामुळं भास झाला असेल. झोपही पुरी होत नाहीये. असं सगळं स्वतःला सांगून झालं. दाराची कडी मात्र दोनदा तपासली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

केस विंचरताना अक्षता पडल्या. कुंकू लावलेल्या. काल न्हाले होते.

सरळ आण्णासाहेबांना गाठलं. आधी विषय बदलत राहिले. मग खुर्चीत बसले आणि सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी याच रानात मांडव घालून त्यांच्या धाकट्या भावाचं, दिग्विजयचं, लग्न लागत होतं. मंगलाष्टकं चालू असतानाच मांडवाच्या लोखंडी खांबात करंट उतरला. दिग्विजयचा हात खांबाला होता. शेवटचं सावधान म्हणायचं राहिलं. मुलीला माघारी नेलं, तिचं पुढं दुसरीकडं लग्न झालं. अंतरपाट वर कुणी उचललाच नाही, तसाच घडी करून पेटीत ठेवला. करपलेला डाग तेव्हाचाच. पोरीच्या लग्नात तोच अंतरपाट एकदा वर गेला की भाऊ मोकळा होईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कापड धरायचं धाडस होईना, म्हणून चित्र.

सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं.

"ताई, तुमी तर उभ्या ऱ्हायल्या न्हाईत ना त्येच्यासमोर?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

अंतरपाटाचं चित्र पुसून टाकलं, नुसती झेंडूची फुलं टाकली. लॅपटॉपवर फुलंच दिसतात. पडद्यावर कापड. कोपऱ्यात डाग.

श्रीशैल सरांना सगळं सांगितलं. ते हसले. साइट सोडलीस तर पुण्याला यायचं नाही, म्हणाले. बाबांना फोन केला, तर त्यांना आनंदच झाला. ये म्हणाले, पाहुण्यांना लवकर बोलावतो.

चुलीत जाऊ दे ती नोकरी. येऊ देत वाशीचे पाहुणे. जिवंत माणसाला निदान नाही तरी म्हणता येतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पळून जाता येत नाही.

कळंबच्या स्टँडवर पोचले होते. बाकावरच्या एका बाईनं माझे हात बघितले. कोपरापर्यंत पिवळे. घासून घासून कातडी सोलवटली, तरी पिवळेच. हळद लागलेल्या नवरीनं एकटीनं शीव ओलांडू नये, एवढंही तुला घरी शिकवलं नाही का, म्हणून मायेनं रागावली. मी ओरडले की मी नवरी नाहीये. भोवतीच्या बायका हसल्या. सगळ्याच असं म्हणतात म्हणे. कंडक्टरनंही बसमध्ये घेतलं नाही. उद्या घरच्यांनी येऊन आमचा गळा धरायचा, म्हणाला. बायकांनीच रिक्षात बसवलं, ओटीत नारळ टाकला.

रिक्षा कार्यालयाच्या दारात थांबली. रिक्षावाल्याला मी पत्ता सांगितला नव्हता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझं जे व्हायचं ते होवो, राजनंदिनी त्याच्यासमोर उभी राहता कामा नये. तिला बाजूला घेऊन सांगितलं. चांगली पोरगी आहे, हसली नाही. आण्णासाहेबांशी भांडून नव्या कापडाचा अंतरपाट ठरवला. गुरुजी खूश. लग्न स्टेजवर नाही, खाली हॉलमध्ये लागेल. पडदा उतरवायला मात्र वेल्डिंगवाला येत नाही. टांगलेलाच राहील, बंद. मोटरचा प्लग काढून मी माझ्याजवळ ठेवलाय. पडदा वर जाणार नाही. वर गेला नाही की काही होणार नाही.

आज मुंडावळ्या होत्या. उशीवर. जाळल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

कंट्रोलच्या टेबलापाशी बसून लिहितेय. हॉल गच्च भरलाय. राजनंदिनी खाली, तिच्या आणि नवरदेवाच्या मध्ये नवं कापड. ती सुखरूप आहे. प्लग माझ्या मांडीवर.

पडदा बंद. तो पलीकडं उभा आहे. राजनंदिनीकडं बघतच नाही. टेबल पडद्याच्या पुढं, बरोबर मधोमध आहे. मीच मांडून घेतलं होतं, इथून नीट दिसतं म्हणून.

गुरुजींनी सुरू केलं. तोंडानं —

देवा. तोंडानं म्हणतायत. फाइल अडकायची म्हणून तर मी — फाइल अडकत होती तेच बरं होतं. हे अडकणार नाहीत. हे पुरं करणार —

उठायला बघतेय. अक्षता येतायत, सगळ्यांच्या डोक्यावरून पुढं येऊन माझ्या अंगावर पडतायत. मागून कुणीतरी दोन्ही खांदे धरलेत. मामा धरतो तसे. वळून बघवत नाही. मला मामा नाही.

ओरडले. कडव्यामधल्या वाजंत्रीत आवाज बुडाला —

शेवटचं कडवं. तो फेटा सावरतोय. कपाळ करपलेलं —

प्लग हातात आहे. माझ्याच हातात आहे. तरी वर मोटर —