वरचे दात आधी

॥ श्री ॥
जयनगर, बंगळूर
५ सप्टेंबर १९५५

चि. मधुकर यास अक्काचे उदंड आशीर्वाद.

सुरुवातच भांडणाने करते. पुढच्या आठवड्यात तू भाच्याला बघायला येणार आहेस, ते येणे रद्द कर. बेळगावात दात उपटायला तुला पुष्कळ तोंडे आहेत. आमच्या गुंडूचे तोंड सध्या तू बघायचे नाहीस.

त्याला दात आले, रे! दोन आले आणि दोन्ही वरचे. सासूबाईंनी पाहिले आणि झटकन त्याच्या तोंडावर पदर धरला. वरचे आधी आले की मामाला वाईट. खालचे येईपर्यंत मामाने बाळाचे तोंड पाहायचे नाही, असा या घरचा रिवाज आहे. तू हसशील. मीही हसले असते, पण आई सांगायची ते विसरलास का? माझेही वरचेच आधी आले होते. परसूमामा हौसेने मला बघून गेला आणि त्याच पावसाळ्यात मलप्रभेने त्याला नेले. मला भाऊ एकच आहे.

भाऊबीजेला मात्र तू इथे हवास. तोवर खालचे दात मी आणवीनच. बाकी सगळे इथल्या भाषेत सरी, म्हणजे ठीक आहे, आणि हेही ऑफिसच्या कामात बुडालेले आहेत.

माया आहेच; ती हसण्यावारी नेऊ नकोस.

तुझी
अक्का


बेळगाव
११ सप्टेंबर १९५५

ती. सौ. अक्कास मधुकरचा साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र दवाखान्यातच फोडले. पेशंट खुर्चीत तोंड उघडे ठेवून बसला होता आणि मी हसत होतो. सख्ख्या भाच्याचे दात बघायला दंतवैद्याला मज्जाव! अक्का, परसूमामाने भर पुरात होडी घातली होती. तुझ्या दातांनी त्याला ढकलले नव्हते.

पण तू खरोखरीच घाबरली आहेस हे अक्षरावरून दिसते, म्हणून ऐकतो. भाऊबीजेपर्यंत येत नाही. एक मात्र ध्यानात ठेव, दात आणवता येत नाहीत, ते आपल्या वेळेने येतात. ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसत जा, आणि चोखायला गूळ किंवा मध देऊ नकोस. त्यापलीकडे काही करू नकोस.

भाऊजींना नमस्कार. ओवाळणीची तयारी इकडे सुरू आहे, तेव्हा लोभ वाढवायला हरकत नाही.

तुझा
मधुकर


जयनगर, बंगळूर
२ ऑक्टोबर १९५५

चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद.

खालचे दात अजून नाहीत. रोज सकाळी उजेडात नेऊन हिरडीवर बोट फिरवते. गुंडूला आता उजेडच सोसत नाही, माझ्या कुशीत तोंड खुपसतो. हसणे पार बंद झाले आहे. कुरकुरतो, ताप नसताना घामाने भिजतो, स्वतःचेच केस ओढतो. सासूबाई म्हणतात, दात येतानाचे हे असेच असते.

गंमत म्हणजे त्याचे हातपाय इतके सुंदर दिसू लागलेत! तळवे अळता लावल्यासारखे गुलाबी. शेजारच्या अंबुबाई रोज बघायला येतात आणि काय खायला घालता म्हणून विचारतात. मला आपले कौतुकही वाटते आणि रोज दृष्टही काढते. काल बोटांची कातडी सुटत होती.

दिवाळी जवळ आली, रे. तुझ्यासाठी जीव टांगणीला लागला आहे.

तुझी
अक्का


बेळगाव
७ ऑक्टोबर १९५५

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार.

आज थट्टा नाही. ताप नसताना घाम, उजेड न सोसणे, गुलाबी तळवे, सुटणारी कातडी. अक्का, हे दातांचे नाही. हे वर्णन मी कुठेतरी वाचले आहे, काल रात्रीपासून जुने अंक उलथेपालथे करतो आहे. गुंडूला कोणते औषध चालू आहे? काहीही गाळू नकोस, उलट टपाली कळव. भाऊजींना सांगून त्याला डॉक्टरला दाखव. काळजीत असलेला,

मधुकर


जयनगर, बंगळूर
११ ऑक्टोबर १९५५

चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद.

डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा म्हणाले, टॉनिक लिहून दिले. दुसरे औषध म्हणशील तर काहीच नाही. बाळगुटी सासूबाई उगाळतात, तेवढीच. आणि ती दातांची पावडर, पण तिला काही औषध म्हणत नाहीत. यांनी दंडूच्या, म्हणजे इथल्या लष्करी छावणीच्या, एका दुकानातून आणली, विलायती आहे, डब्यावर हसऱ्या बाळाचे चित्र आहे. आता हा माल यायचा नाही असे दुकानदार म्हणाला, म्हणून यांनी दोन डबे एकदम घेतले. आधी चिमूटभर देत होते. खालचे दात येईनात, तेव्हा दुधातून दोन वेळा देऊ लागले, आता तीन वेळा देते. भाऊबीज चुकायला नको.

हिरड्या मात्र सुजल्या आहेत आणि वरचे दोन्ही दात हलतात. तू येऊ नकोस. तुला काही झाले तर मी कुणाकडे बघू?

तुझी
अक्का


बेळगाव
१४ ऑक्टोबर १९५५

ती. सौ. अक्कास नमस्कार.

पावडर बंद कर. तार केलीच आहे, पण तारेत सगळे मावत नाही. त्या पावडरीत पारा असतो, अक्का. विलायतेत कितीतरी मुले अशीच गुलाबी झाली, आणि काही गेली. तिकडे आता ती कुणी करत नाही. उरलेली आपल्याकडे खपते आहे. यात चूक तुझी नाही, पण आता एक चिमूटही नको. मी उद्याच्या गाडीने निघतो आहे. मी त्याचे तोंड पाहणार.

मधुकर


जयनगर, बंगळूर
४ नोव्हेंबर १९५५

चि. मधुकर यास असंख्य आशीर्वाद.

तू परवा गेलास, आणि घर खायला उठले आहे. तुझी तार आली त्या क्षणी मी दुधाची वाटी मोरीत ओतली, आणि तरीही येऊ नकोस म्हणून तुला उलट तार केली. दारात तू दिसलास तेव्हा गुंडूला पाठीशी घालून मी मागे सरकत होते. मामाचे काय व्हायचे ते होऊ दे, भाच्याचे तोंड उघड, असे तू म्हणालास. तू बोट लावलेस आणि ते दोन्ही दात तुझ्या तळहातावर आले. ज्यांच्यापायी मी तुला दार बंद केले, तेच दात. तुला वाचवायला मी माझ्याच हाताने लेकराला... हे वाक्य माझ्याने पुरे होत नाही.

फोडलेला डबा तू गटारात रिकामा केलास ते बरे झाले. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर तुझेच म्हणणे खरे मानतात, पण पुढचे काही महिने कठीण म्हणतात. आता दोघांची काळजी. तू पोचल्याचे पत्र अजून आलेले नाही.

तुझी
अक्का


जयनगर, बंगळूर
१६ जानेवारी १९५६

चि. मधुकरराव यांस कृष्णाबाईचे अनेक आशीर्वाद.

सूनबाई पद्मावती सवडीने लिहीलच, पण मला राहवत नाही म्हणून आनंदाची बातमी आधी मी देते. काल गुंडूला खालचा दात आला, आणि संक्रांतीच्या बोरन्हाणात तो कितीतरी दिवसांनी हसला. हातपायही पूर्ववत झाले. तुम्हीही खुशाल आहात, तेव्हा माझी भीती फुकटच होती म्हणायची. तुमचे उपकार विसरणार नाही. तिळगूळ वेगळा पाठवला आहे.

तुमचा शब्द मी मोडलेला नाही. गुंडूला ती पावडर पुन्हा दाखवलीसुद्धा नाही. कुणाच्या प्रकृतीला काय मानवेल सांगता येत नाही, त्याला नाही मानवली. दुसरा डबा न फोडलेला तसाच माझ्या फडताळात होता. एवढा विलायती माल टाकून देणे मला जिवावर आले, म्हणून मागच्या महिन्यात अंबुबाईंना दिला. त्यांच्या नातीला दात येताहेत. तिला छान मानवली आहे हो. स्वल्प किरकिर करते, तेवढेच. पण तळहात असे गुलाबी झालेत की बघत राहावे.

सवड काढून एकदा या आणि तिलाही बघा. आमच्यावरची माया आटू देऊ नका.

कृष्णाबाई